कूळ, संपर्क आणि स्थान : आफ्रिकान्स व अम्हारिक यांच्या संदर्भात गोंडी–मराठी तुलनेचा पुनर्विचार

प्रास्ताविक

दोन भाषांची तुलना करावयाची म्हणजे नेमकी कशाची तुलना करावयाची, हा प्रश्न भाषाविज्ञानाच्या अध्यापनात फारसा विचारला जात नाही. ध्वनी, रूप, वाक्यरचना व शब्दसंग्रह असे चार रकाने आखले, त्यांत दोन्ही भाषांची उदाहरणे भरली आणि साम्यभेदांची यादी दिली की तुलना पूर्ण झाली, असे आपण गृहीत धरतो. या पद्धतीत माहितीची उणीव नसते, परंतु त्या माहितीवरून काय सिद्ध होते आणि काय सिद्ध होत नाही, याचे भान अनेकदा सुटते. प्रस्तुत लेखात या सुटलेल्या भानाचा विचार नागपूर परिसरातील गोंडी व मराठी या दोन भाषांच्या आधारे केला आहे. तुलनेची दिशा स्पष्ट व्हावी म्हणून आफ्रिका खंडातील आफ्रिकान्स व अम्हारिक या भाषांचा दाखला प्रथम घेतला आहे. या दोन भाषांत खंड सोडल्यास समान असे फार थोडे आहे. आणि म्हणूनच तुलनेचे निकष तपासण्यासाठी हे उदाहरण सोयीचे ठरते.

लेखातील प्रतिपादन थोडक्यात असे : भाषांच्या तुलनेत कूळ, संपर्क आणि स्थान हे तीन स्वतंत्र प्रश्न आहेत. एकाचे उत्तर दुसऱ्यास लागू पडत नाही. गोंडीविषयीच्या आपल्या लेखनात व अध्यापनात हे तीन प्रश्न एकमेकांत मिसळले गेले आहेत आणि त्याची किंमत भाषाशास्त्राने नव्हे, तर गोंडी बोलणाऱ्या मुलांनी मोजली आहे.

आफ्रिकान्स व अम्हारिक : तीन प्रश्न

कुळाच्या दृष्टीने पाहता आफ्रिकान्स ही भारत-युरोपीय कुळातील जर्मानिक शाखेची भाषा होय. १६५२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीने केप येथे ठाणे वसविले. तेथील डच बोलींतून, स्थानिक खोईखोई लोकांच्या व हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवरून आणलेल्या गुलामांच्या सहवासात ती घडत गेली. या गुलामांत भारतीय किनाऱ्यांवरील लोकही होते. अम्हारिक ही सेमिटिक भाषा असून अरबी व हिब्रू यांच्याशी तिचे नाते आहे. मोडण्याच्या अर्थाचे ‘स-ब-र’ यासारखे व्यंजनांचे मूळ घेऊन त्यात स्वर बदलत क्रियारूपे साधण्याची सेमिटिक रीत तिच्यात स्पष्ट दिसते. कुळाच्या प्रश्नाचे उत्तर येथे निःसंदिग्ध आहे : या दोन भाषा परस्परांच्या कोणी नव्हेत.

संपर्काच्या प्रश्नाकडे वळल्यास चित्र बदलते. आफ्रिकान्समध्ये क्रियापद पुरुष व वचन यांनुसार बदलत नाही आणि नामांना व्याकरणिक लिंग उरलेले नाही. निषेधवाचक शब्द मात्र वाक्यात बहुधा दोनदा येतो. केळ्याला तेथे ‘पिसांग’ या मलय शब्दावरून आलेला शब्द रूढ आहे. अम्हारिकमध्ये क्रियापद मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी येते. गीझ या जुन्या भगिनीभाषेतील शब्दक्रम असा नव्हता. शेजारच्या कुशिटिक भाषांच्या दीर्घ सहवासाने हा बदल झाला असावा, असे अभ्यासक मानतात. म्हणजे दोन परक्या कुळांतील भाषांची जडणघडण संपर्काच्या सारख्याच प्रक्रियेतून झाली. एकीचे प्रत्यय गळाले, तर दुसरीचा शब्दक्रम फिरला.

तिसरा प्रश्न स्थानाचा. अम्हारिकला प्राचीन लिपीचा वारसा आहे. आपल्या बाराखडीप्रमाणे प्रत्येक व्यंजनाची स्वरानुसार सात रूपे असलेली ही लिपी गीझकडून तिला मिळाली. राजसत्तेची भाषा म्हणून तिचा विस्तार झाला आणि १९९५ च्या इथिओपियाच्या राज्यघटनेने तिला संघराज्याच्या कामकाजाची भाषा ठरविले. आफ्रिकान्सजवळ यांपैकी काहीही नव्हते. तिला ‘स्वयंपाकघरातील डच’ म्हणून हिणविले जाई. तिच्या आरंभीच्या लेखनापैकी काही तर केपमधील मुस्लिमांनी अरबी लिपीत केलेले आहे. अबू बक्र एफेंदी यांचा धर्मविषयक ग्रंथ १८७७ मध्ये इस्तंबूल येथे छापला गेला. तरीही १९२५ मध्ये या भाषेला राजमान्यता मिळाली. पुढे तीच भाषा शाळांत सक्तीची करण्याच्या धोरणाविरुद्ध १६ जून १९७६ रोजी सोवेटो येथील विद्यार्थी रस्त्यावर उतरले व त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. एकदा हिणविली गेलेली भाषा अर्ध्या शतकात दुसऱ्यांवर लादली जाऊ शकते, हा या इतिहासाचा कटू धडा होय.

या तुलनेतून एक गोष्ट निदर्शनास येते. स्थान हे प्राचीनतेने मिळत नाही, व्याकरणाच्या संपन्नतेनेही मिळत नाही. ते शाळा, मुद्रण, न्यायालय व शासन यांतून मिळते. हा निष्कर्ष हाती ठेवून आता आपल्या अंगणात पाहू.

विदर्भाचे भाषिक वास्तव

नागपूर नगराची स्थापना देवगडचे गोंड राजे बख्त बुलंद शहा यांनी १७०२ च्या सुमारास केली. अठराव्या शतकाच्या मध्यास भोसल्यांची सत्ता आली आणि मराठी या नगराची प्रमुख भाषा झाली. इंग्रजी अमलात १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती झाली, तेव्हा नागपूर त्याची राजधानी बनले व हिंदीचेही वजन वाढले. गोंड राजाने वसविलेल्या या शहरात आज गोंडी क्वचित कानी पडते.

विदर्भाच्या भाषिक वास्तवाचे एक वैशिष्ट्य येथे नोंदवले पाहिजे. मराठी व तिच्या वऱ्हाडी, नागपुरी, झाडी या बोली भारतीय-आर्य शाखेतील. गोंडी व कोलामी द्राविड कुळातील. मेळघाटातील कोरकू ऑस्ट्रो-आशियाई कुळाच्या मुंडा शाखेतील. आणि बुलढाणा जिल्ह्यातील जामोद परिसरात बोलली जाणारी निहाली ही तर कोणत्याही ज्ञात कुळात न बसणारी भाषा. एवढ्या लहान प्रदेशात असे चार भिन्न वंश नांदत असताना ‘महाराष्ट्रातील बोली’ या एकाच शीर्षकाखाली वऱ्हाडी, अहिराणी, गोंडी, कोरकू यांना रांगेत बसविण्याची सवय आपल्या लेखनात व प्रश्नपत्रिकांत सर्रास आढळते. वऱ्हाडी ही मराठीची बोली आहे. गोंडी ही मराठीची बोली नाही, ज्या अर्थी अम्हारिक ही आफ्रिकान्सची बोली नाही. एवढे साधे विधान पुन्हा करावे लागते, यातच आपल्या तुलनापद्धतीतील दोष दिसून येतो.

कुळाचा प्रश्न : हिस्लॉप व ग्रिअर्सन

या दोषाला अज्ञान हे कारण देता येत नाही, कारण गोंडीच्या वेगळेपणाची नोंद नागपुरातच दीडशे वर्षांपूर्वी झाली होती. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी या परिसरातील आदिवासींविषयीची टिपणे, शब्दसंग्रह व लिंगोची दीर्घ गीतकथा जमविली. टाकळघाट परिसरातील शिलावर्तुळांची पाहणी करून परतताना ४ सप्टेंबर १८६३ रोजी त्यांचा बुडून मृत्यू झाला. त्यांची टिपणे रिचर्ड टेम्पल यांनी संपादित करून १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात मराठीचा समावेश सातव्या खंडात (१९०५) व गोंडीचा समावेश मुंडा व द्राविड भाषांच्या चौथ्या खंडात (१९०६) झाला.

कुळाच्या निकषावर गोंडीची साक्ष स्पष्ट आहे. उंदी, रंड, मुंद, नालुंग, सैयुंग, सारुंग, येरुंग ही एक ते सात या अंकांची नावे तमिळमधील ओन्रु, इरंडु, मून्रु, नालु, ऐंदु, आरु, एळु यांच्याशेजारी ठेवली की नाते उघड होते. हातासाठी ‘कै’, डोळ्यासाठी ‘कन’, झाडासाठी ‘मरा’ हे शब्दही तेच सांगतात. अंकांची ही नावे केवळ मोजणीपुरती नाहीत. गोंड समाजात चार, पाच, सहा व सात देव मानणारी कुळे अशी विभागणी असून समान देवसंख्येच्या कुळांत विवाह होत नाही. अंक येथे नात्यागोत्याचा आधार आहे.

व्याकरणातही असाच मूलभूत भेद आहे. मराठीत तो, ती, ते अशी तीन लिंगे आहेत. गोंडीत ‘वोर’ म्हणजे पुरुषासाठी ‘तो’ आणि ‘अद’ म्हणजे स्त्री, प्राणी व वस्तू या सर्वांसाठी. म्हणजे पुरुषवाचक व पुरुषेतर अशी दोनच विभागणी. मराठी शाळेत गोंडी मूल ‘ती’ आणि ‘ते’ यांत गोंधळते, तेव्हा ते ‘अशुद्ध’ बोलत नसते. ते स्वतःच्या भाषेचे शुद्ध व्याकरण मराठीवर लावत असते. ही एक बाब जरी प्राथमिक शिक्षकाला ठाऊक असली, तरी तांबड्या शाईचा बराच वापर वाचेल.

सर्वेक्षणाच्या मर्यादाही येथे सांगितल्या पाहिजेत. प्रत्येक भाषेचा नमुना म्हणून उधळ्या पुत्राची बायबलमधील कथा भाषांतरित करवून घेतली गेली. त्यामुळे तुलनेची सोय झाली, परंतु बोलणाऱ्यांचे स्वतःचे वाङ्मय बाजूस राहिले. या दृष्टीने प्रधानांच्या तोंडची गीतकथा मुळातून उतरवून घेणारे हिस्लॉप यांचे काम, त्यातील सर्व त्रुटी मान्य करूनही, अधिक मोलाचे वाटते. गोंडीला केवळ व्याकरण नाही, वाङ्मयही आहे, हे त्यातून छापील स्वरूपात पुढे आले.

संपर्काचा प्रश्न : ऋण कोणाचे?

कूळ भिन्न असले तरी शेजार दीर्घकाळाचा आहे. गोंडीत मराठी व हिंदी शब्द मोठ्या प्रमाणावर आले, हे सर्वज्ञात आहे आणि त्यावरूनच ती ‘मिश्र’ किंवा ‘अपुरी’ ठरविली जाते. परंतु संपर्काचा हिशेब दोन्ही बाजूंनी मांडावा लागतो. मराठीत ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’ आणि त्याला वगळून ‘आम्ही’ असा भेद आहे. संस्कृतात तो नाही. तेलुगूत ‘मनमु’ व ‘मेमु’, तमिळमध्ये ‘नाम्’ व ‘नांगळ्’ अशा जोड्यांत मात्र तो ठळकपणे आहे. च आणि ज यांचे ‘चांदणे’, ‘जग’ यांतील दंत्य उच्चार तेलुगूतही आढळतात. ‘येतो म्हणून सांगितले’ या रचनेतील ‘म्हणून’चे कार्य तेलुगूतील ‘अनि’शी जुळते.

या साम्यांचा अर्थ कोणता लावावा, याविषयी एकमत नाही. फ्रँकलिन साउथवर्थ यांनी १९७१ मधील आपल्या निबंधात मराठीच्या उगमामागे भाषामिश्रणाची, म्हणजे क्रिओलीकरणासारखी, प्रक्रिया असावी असा तर्क मांडला. विश्वनाथ खैरे यांनी मराठी व तमिळ यांच्या संबंधांचा निराळ्या वाटेने पाठपुरावा केला. हे तर्क सर्वमान्य झालेले नाहीत आणि वरील सर्व साम्ये गोंडीकडूनच आली असे म्हणण्यास आधार नाही. तथापि एवढे निश्चित की आफ्रिकान्सविषयी जो प्रश्न विचारला जातो, म्हणजे ही युरोपीय भाषेची सरळ संतती की मिश्रणातून घडलेली नवी भाषा, तोच प्रश्न मराठीविषयीही गांभीर्याने विचारला गेला आहे. तेव्हा ‘मिश्रण’ हे गोंडीचे वैगुण्य आणि ‘संपन्नता’ हे मराठीचे वैशिष्ट्य, अशी दुहेरी भाषा वापरणे शास्त्राला धरून नाही.

नागपुरी मराठीकडे पाहिले तर हाच मुद्दा अधिक जवळून दिसतो. ‘मले’, ‘तुले’, ‘पानी’, ‘काया’ (काळा) आणि विशेषतः ‘तो जाऊन राहिला’ ही हिंदीच्या वळणाची रचना येथे नित्याची आहे. पुण्याच्या कानाला ती खटकते. ज्या नागपूरकराला हे खटकणे अन्यायकारक वाटते, तोच गोंडीला ‘मोडकी बोली’ म्हणतो, ही विसंगती आहे. हरिश्चंद्र बोरकर यांच्या पुढाकाराने झाडीबोलीच्या शब्दकोशाचे व साहित्याचे जे कार्य झाले, त्याने प्रमाण मराठीच्या पलीकडे पाहण्याची वाट मोकळी केली. ती वाट मराठीच्या सीमेवर थांबू नये.

स्थानाचा प्रश्न : प्राचीनतेचा मोह

गोंडीच्या स्थानासाठी नागपुरात ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत मोतीरावण कंगाली (१९४९–२०१५) यांचे नाव अग्रगण्य आहे. रामटेक परिसरात जन्मलेल्या व नागपूरच्या रिझर्व्ह बँकेत नोकरी केलेल्या या अभ्यासकाने गोंडी भाषा, धर्म व संस्कृती यांवर विपुल लेखन केले. त्यांच्या कोशविषयक व व्याकरणविषयक कार्याचे मोल वादातीत आहे. सिंधू संस्कृतीच्या मुद्रा गोंडीच्या आधारे वाचता येतात, हा त्यांचा दावा मात्र स्वीकारणे कठीण आहे. मुद्रांवरील लेख अतिशय आखूड आहेत, द्वैभाषिक लेख उपलब्ध नाही आणि कोणतेच वाचन अद्याप सर्वमान्य झालेले नाही. द्राविड कुळाशी त्या लिपीचा संबंध असू शकतो, हे गृहीतक अनेक विद्वानांनी मांडले आहे. परंतु मुद्रांची भाषा आजची गोंडी मानणे म्हणजे चार हजार वर्षांतील भाषापरिवर्तन दृष्टिआड करणे होय.

येथे समीक्षकाने थांबून आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे. जिवंत भाषेच्या अभ्यासकाला मोहेंजोदडोची साक्ष काढावी लागते, अशी वेळ कोणामुळे आली? प्राचीनता सिद्ध झाल्याखेरीज प्रतिष्ठा नाही, हा नियम गोंडीने बनविलेला नाही. मराठीनेही ‘अभिजात’ दर्जासाठी गाथासप्तशतीपर्यंत आपली मुळे नेली आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तो दर्जा मिळविला. आपण ज्या दाराने आत गेलो, त्याच दाराशी दुसरा उभा राहिला तर त्याला हसण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही. योग्य मार्ग हा की ते दारच अनावश्यक ठरवावे. आफ्रिकान्सचे उदाहरण येथे उपयोगी पडते. तीनशे वर्षांचेही वय नसलेल्या भाषेला राजमान्यता मिळू शकते, तर स्थानासाठी वयाचा दाखला मागण्याचे प्रयोजन नाही.

लिपीचा आक्षेपही असाच तपासावा लागतो. ‘गोंडीला लिपी नाही’ हे विधान वस्तुस्थितीला धरून नाही. बालाघाट परिसरातील मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये गोंडीसाठी लिपी तयार केली; आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाला येथे आणखी एका गोंडी लिपीतील हस्तलिखिते उपलब्ध झाली. या दोन्ही लिपींना अनुक्रमे २०१७ व २०१८ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले. आणि लिपी नसती तरी काय बिघडले असते? मराठीची देवनागरी केवळ मराठीची नाही आणि आफ्रिकान्स रोमन लिपी वापरण्यापूर्वी व वापरतानाही अरबी लिपीत लिहिली गेली.

आकडेवारी पाहता प्रश्नाचे खरे स्वरूप ध्यानात येते. २०११ च्या जनगणनेत गोंडी भाषिकांची संख्या २९,८४,४५३ आहे. त्याच जनगणनेत बोडो भाषिक १४,८२,९२९, मणिपुरी भाषिक १७,६१,०७९ आणि संस्कृत ही मातृभाषा सांगणारे २४,८२१ आहेत. या तिन्ही भाषा आठव्या अनुसूचीत आहेत, गोंडी नाही. या भाषांना दिलेल्या स्थानाविषयी येथे तक्रार नाही. संख्या हाही स्थानाचा निर्णायक निकष नाही, एवढेच दाखवावयाचे आहे. निर्णायक ठरली ती राज्यरचना. १९५६ व १९६० च्या भाषावार पुनर्रचनेने मराठीला, तेलुगूला, गुजरातीला घर दिले. गोंडी भाषिक मात्र महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, ओडिशा अशा राज्यांत विभागले गेले. एकाच भाषेची मुले एकीकडे मराठीतून, एकीकडे हिंदीतून, एकीकडे तेलुगूतून शिकू लागली आणि गोंडीचे शब्दही त्या त्या दिशेने ओढले गेले. हे अंतर सांधण्यासाठी निरनिराळ्या राज्यांतील गोंडी भाषिकांनी एकत्र येऊन केलेला प्रमाण गोंडी शब्दकोश २०१८ मध्ये हंपीच्या कन्नड विद्यापीठात प्रसिद्ध झाला. हे कार्य नागपूरच्या विद्याक्षेत्रात होऊ शकले असते, ही बाब आपण मनाला लावून घेतली पाहिजे.

शाळेच्या उंबरठ्यावर

राज्यघटनेच्या ३५० क या अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्य गटांतील मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या पुरेशा सोयी करण्याचे दायित्व राज्यांवर टाकले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेचा पुरस्कार केला. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मोहगाव येथे ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. २०२२ मध्ये मान्यतेच्या अभावी तिला प्रशासनाची नोटीस मिळाली. शिक्षण हक्क कायद्यातील अटी या मुलांच्या संरक्षणासाठीच आहेत, हे मान्य करूनही असे म्हणावे लागते की ज्या भाषेला आपण ‘बोली’ म्हणून नोंदवितो, तिच्या शाळेची कल्पना करणेच व्यवस्थेला जड जाते. वर्गात उच्चारलेला एक शब्द कार्यालयातील कागदावर असा उमटतो.

येथे सोवेटोची आठवण ठेवणे दोन्ही अर्थांनी आवश्यक आहे. मराठीने गोंडी मुलांसाठी आफ्रिकान्सची भूमिका वठवू नये. आणि गोंडीच्या प्रमाणीकरणात माडिया किंवा कोया बोलणाऱ्यांच्या भाषारूपांवर एकच रूप लादले जाऊ नये.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात.

१. भाषांच्या तुलनेत कूळ, संपर्क व स्थान यांची उत्तरे स्वतंत्रपणे शोधली पाहिजेत. कुळाने गोंडी मराठीहून भिन्न आहे, संपर्काने निकट आहे आणि स्थानाने वंचित आहे. यांपैकी एकावरून दुसरे सिद्ध होत नाही.

२. ‘गोंडी बोली’ हा प्रयोग मराठीच्या संदर्भात अशास्त्रीय आहे. गोंडीला स्वतःच्या बोली आहेत. ती स्वतः मराठीची बोली नाही. अभ्यासपत्रिका व प्रश्नपत्रिका यांत ही दुरुस्ती करण्यासाठी कोणाच्याही मंजुरीची वाट पाहण्याचे कारण नाही.

३. प्राचीनता व लिपी हे प्रतिष्ठेचे निकष मानण्याचा आग्रह सोडल्यास गोंडीच्या अभ्यासकांवरील अनावश्यक ओझे उतरेल व त्यांच्या व्याकरणविषयक, कोशविषयक कार्याकडे योग्य लक्ष जाईल.

४. विदर्भातील महाविद्यालयांत गोंडी, कोलामी, कोरकू बोलणारे विद्यार्थी येतात. भाषाविज्ञानाच्या प्रकल्पकार्यात त्यांना माहिती पुरविणारे म्हणून नव्हे, तर स्वभाषेचे व्याकरण मांडणारे अभ्यासक म्हणून सहभागी करून घेता येईल. हिस्लॉप यांना त्यासाठी गावोगाव हिंडावे लागले; आपल्या वर्गात तो विद्यार्थी तिसऱ्या बाकावर बसलेला असतो आणि त्याला त्याची मातृभाषा विचारली तर पुष्कळदा तो ‘मराठी’ असे उत्तर देतो. त्याने हे उत्तर का दिले, हा प्रश्न भाषाविज्ञानाच्या अभ्यासक्रमाबाहेरचा मानता येणार नाही.